१३ किलोमीटरची भाऊबंदकी

"गाडी जरा बाजूला घे," बाबा म्हणाले आणि मी इंडिकेटर देईपर्यंत त्यांनी सीट बेल्ट सोडलासुद्धा. रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरं पांढरं काहीतरी सांडलेलं होतं, लांबून मला ते कागदाचे कपटे वाटले, बाबांनी वाकून उचललं तर कापूस. ऑक्टोबरचा मधला आठवडा, वेचणी जोरात चालू होती, ट्रॉल्या भरभरून चालल्या होत्या आणि वाऱ्याने उडालेला कापूस कडेच्या झुडपांना अडकून बसला होता. बाबांनी तो बोटांत ओढून धागा किती लांब येतो ते बघितलं, मग उकिडवं बसून माती हातात घेतली, मग उभं राहून चारी बाजूंना नजर फिरवली. एकदम ताटासारखी सपाट जमीन, सगळीकडून चुनखडीचे उघडेबोडके डोंगर आणि मधून पट्टीने आखल्यासारखे सरळ कालवे. "हे तळं होतं," ते म्हणाले. मी त्यांना आधी काहीच सांगितलेलं नव्हतं.

बाबा ३४ वर्षं पाटबंधारे खात्यात होते. कालवे, चाऱ्या, पोटचाऱ्या, कुठे गळती, कुठे कोणी रात्रीतून गेट उचललं, यातच त्यांची नोकरी गेली. आई गेल्यापासून ते गावाकडे एकटेच असतात. या वर्षी मी हट्टाने त्यांना जर्मनीला बोलावून घेतलं, परतीचं तिकीट मुद्दाम डिसेंबरअखेरचं काढलं, आणि मधे चार दिवस सुट्टी मिळाली तर म्हटलं चला ग्रीसला जाऊ. अथेन्सचा ॲक्रोपोलिस बघून झाल्यावर बाकीचे लोक बेटांवर जातात, मी बाबांना घेऊन बिओशियाला आले. तिथले लोक आता व्हिओतिया म्हणतात. अथेन्सहून गाडीने तासा-सव्वातासात पोचता येतं, आणि तरी पर्यटक म्हणून आम्ही तिथे बहुतेक ठिकाणी दोघंच होतो.

मला या भागाचं वेड का लागलं ते सांगते. ग्रीस म्हटलं की आपल्याला अथेन्स आणि स्पार्टा एवढंच माहीत असतं, शाळेत तेवढंच होतं, आणि मधला हा प्रदेश म्हणजे त्यांच्या लढाया जिथे होतात ते मैदान. अथेन्सचे लोक बिओशियाच्या लोकांना अडाणी, खादाड, जड डोक्याचे म्हणायचे, "बिओशियाचं डुक्कर" ही तर जुनी शिवीच होती, आणि ती आपल्याला कळते कशातून तर थीब्जच्याच पिंडार नावाच्या थोर कवीने तिचा उल्लेख केलाय त्यातून. म्हणजे त्यालाही ती लागली असणार. पण कवी हेसिओड इथला, पिंडार इथला, थोरामोठ्यांची चरित्रं लिहिणारा प्लुटार्क इथला, आणि स्पार्टाची पाठ मोडणारा थीब्जचा सेनापती एपामिनोंडासही इथलाच. सगळा प्रदेश जेमतेम ३ हजार चौरस किलोमीटरचा, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा लहान, आणि त्यात डझनभर गावं अशी की प्रत्येकाला आपण स्वतंत्र राज्य आहोत असं वाटायचं. थीब्ज, ऑर्खोमेनोस, थेस्पिया, प्लाटिया, टानाग्रा, कोरोनिया, हालिआर्टोस, लेबाडिया, खैरोनिया. भाषा एक, बोली एक, देव तेच, नाण्यावर ढालीचं चित्रही एकच. आणि त्यांनी एकमेकांचं जे केलं ते वाचून मला सारखा एकच मराठी शब्द आठवत राहिला, भाऊबंदकी. या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला आजवर सापडलेलं नाही, जर्मनमध्येही नाही.

तर तळं. त्याचं नाव कोपाइस. केफिसोस नदी आणि डोंगरांवरचे ओढे या खोलगट भागात येऊन पडायचे आणि वरून वाहून बाहेर जायला वाटच नव्हती. पाणी जायचं ते डोंगराच्या पायथ्याला चुनखडीत पडलेल्या विवरांतून, जमिनीखालून थेट समुद्राकडे. या विवरांना ग्रीक लोक काताव्होथ्रा म्हणतात. ती तुंबली की तळं फुगणार, मोकळी असली की शेत मिळणार. मायसिनी काळातल्या लोकांनी, म्हणजे इ.स.पू. १३००च्या आसपास, नदीचं पाणी तळ्याच्या उत्तर कडेने वळवून विवरांपर्यंत न्यायला कालवा खोदला, जवळपास २५ किलोमीटर लांब, रुंदी ४० मीटरपर्यंत, आणि भरावाला आतून बाहेरून मोठमोठ्या दगडांचा आधार. या सगळ्यावर नजर ठेवायला तळ्यातल्याच एका खडकाळ उंचवट्यावर ग्ला नावाचा किल्ला बांधला, तटबंदी जवळजवळ ३ किलोमीटर, खुद्द मायसिनीच्या किल्ल्यापेक्षा कितीतरी मोठा. आत राजवाडा म्हणावा असं फारसं नाही, आहेत ती धान्याची कोठारं. बाबा तटाच्या कडेने अख्खा फेरा चालले, मला धाप लागली, त्यांना नाही. "पिचिंग चांगलं केलंय," एवढंच बोलले, पिचिंग म्हणजे दगडांचं अस्तर. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खूप झालं.

इ.स.पू. १२००च्या सुमाराला ग्ला जळला, व्यवस्था मोडली, तळं परत आलं. मग हजारो वर्षं ते तिथे होतं, त्यातल्या ईल माशांना अथेन्सच्या बाजारात एवढी किंमत की ॲरिस्टोफेनीसच्या एका नाटकात युद्धामुळे बंद झालेला ईल सहा वर्षांनी दिसतो तेव्हा माणूस त्याचं घरच्या माणसासारखं स्वागत करतो. अलेक्झांडरच्या इंजिनिअरने विवरं साफ करायला घेतली होती, ते काम अर्धवट राहिलं. शेवटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आधी फ्रेंच आणि मग ब्रिटिश कंपनीने पाणी काढलं आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जमीन ग्रीक सरकारकडे आली. आता निचऱ्याचं पाणी शेजारच्या इलिकी तलावात जातं, आणि इलिकी हा अथेन्सच्या पाणीपुरवठ्याच्या साठ्यांपैकी एक आहे. ज्या अथेन्सने यांना डुक्कर म्हटलं त्या अथेन्सच्या नळाला इथलं पाणी.

पण मला बाबांना जी गोष्ट सांगायची होती ती वेगळीच. तळ्याच्या पश्चिम काठावर ऑर्खोमेनोस, जुन्या काळी या भागातलं सगळ्यात श्रीमंत शहर. तिथलं मधमाशीच्या पोळ्यासारखं घुमटाचं थडगं आम्ही सकाळी बघून आलो होतो, जर्मन संशोधक श्लीमनने १८८०च्या दशकात खणलेलं, घुमट कोसळलाय पण बाजूच्या दालनाच्या छतावरची कोरीव फुलं अजून तशीच आहेत. थीब्जचे लोक सांगायचे की पूर्वी ऑर्खोमेनोस आमच्याकडून खंडणी घ्यायचं, मग आमच्या हेराक्लीसने, म्हणजे तोच हर्क्युलिस, जाऊन तळ्याची विवरं बुजवली आणि ऑर्खोमेनोसची सगळी जमीन पाण्याखाली घातली. ही त्यांच्या अभिमानाची कथा होती! आपल्या गावच्या वीराने काय केलं तर शेजाऱ्याचं शिवार बुडवलं.

बाबा कालव्याच्या कडेला उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "बाहेर जाणारं पाणी अडवलं की मागे फुगवटा येणारच. आपल्याकडे लोक गोण्या टाकतात चारीत." थोड्या वेळाने म्हणाले, "गोण्या टाकणारा कोण ते सगळ्या गावाला माहीत असतं. पोलीस पंचनाम्यात अज्ञात इसम असं येतं."

आता आदल्या दिवसाकडे जाते, कारण खरी गोष्ट तिथे आहे. अथेन्सहून निघून आम्ही आधी थीब्जला थांबलो. आजचं थिवा हे साधं तालुक्याचं गाव वाटतं, टेकडीवर दुकानं, कॉफीची टेबलं, आणि त्या टेकडीच्याच पोटात जुना काडमेइया किल्ला, म्हणजे ईडिपसची गोष्ट घडली ते शहर. खणायला जागाच नाही, कोणी घराचा पाया खोदला की राजवाड्याची भिंत लागते. म्युझियम मात्र फार सुंदर आहे. तिथे लाजवर्द दगडाचे छोटे दंडगोल ठसे आहेत, १९६०च्या दशकात इथे सापडलेले, दगड अफगाणिस्तानातला आणि काहींवर बॅबिलोनियातली लिपी. बाबा त्या काचेपाशी बराच वेळ होते.

तिथून प्लाटिया. थ्युसिडिडीस या त्या काळच्या ग्रीक इतिहासकाराने अंतर दिलंय ७० स्टेड, म्हणजे साधारण १३ किलोमीटर. मधे आसोपोस नदी, नदी कसली ओढाच, आम्ही ओलांडली ते कळलंसुद्धा नाही. पुढे किथैरोन डोंगर भिंतीसारखा उभा आणि त्याच्या पायथ्याशी उतारावर, शेतांच्या मधे, एका शहराच्या तटाचे पडके दगड. फलक एक, गेट उघडं, कोणी नाही. गवतात बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

प्लाटियाला थीब्जमध्ये सामील व्हायचं नव्हतं. बस, एवढंच त्यांचं म्हणणं. थीब्जचं म्हणणं असं की बाकी बिओशिया वसवल्यानंतर प्लाटिया आम्हीच वसवलं, म्हणून तुम्ही आमचेच, मग वाडवडिलांची रीत मोडून बाहेर कसे जाता. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातलं पुस्तक खाली ठेवलं होतं, कारण हेच्या हेच बोलणं मी लहानपणी वाड्याच्या ओसरीवर ऐकलेलं आहे, जमिनीच्या वाटणीच्या वेळी. मग प्लाटियाने इ.स.पू. ५१९ मध्ये डोंगरापलीकडच्या अथेन्सचा हात धरला. पर्शियाविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईत अथेन्सच्या मदतीला एकच गाव आलं, ते प्लाटिया, १ हजार माणसं घेऊन. इ.स.पू. ४७९ मध्ये पर्शियाचा शेवटचा मोठा पराभव याच गावाच्या शिवारात झाला, आणि त्यात थीब्ज पर्शियाच्या बाजूने लढलं. जिंकल्यावर स्पार्टाच्या सेनापतीने सगळ्यांसमोर शपथ घेतली की प्लाटियाला कोणी हात लावायचा नाही.

४८ वर्षांनी, इ.स.पू. ४३१च्या वसंतात, एका काळोख्या रात्री तीनशेच्या वर थीब्जची माणसं गावात शिरली. दरवाजा गावातल्याच काही जणांनी उघडून दिला. ज्यांनी उघडला ते म्हणत होते की आधी आमच्या विरोधकांच्या घरात घुसा आणि त्यांना मारा, थीब्जकरांनी तसं केलं नाही, त्यांनी चौकात उभं राहून दवंडी पिटली की ज्याला बिओशियाच्या वाडवडिलांच्या रीतीप्रमाणे आमच्यात यायचंय त्याने शस्त्र घेऊन आमच्याजवळ यावं. त्यांना खरंच वाटत होतं की लोक येतील. प्लाटियाची माणसं आधी घाबरून हो म्हणाली, मग बोलाबोलीत त्यांच्या लक्षात आलं की हे तर मूठभर आहेत. रस्त्यावर दिसू नये म्हणून त्यांनी घराघरांच्या मधल्या भिंती फोडल्या आणि आतल्या आतून एकत्र जमले, गल्ल्यांत बैल सोडलेल्या गाड्या आडव्या लावल्या आणि उजाडायच्या आत तुटून पडले. रात्रभर पाऊस. गल्ल्यांत चिखल, अंधार, आणि परक्या गावातले रस्ते, वरून बायका आणि गुलाम धाब्यावरून आरडाओरडा करत दगड आणि कौलं फेकतायत. पळणाऱ्यांना दरवाजा बंद मिळाला, कोणीतरी अडसराच्या खिट्टीच्या जागी भाल्याचं टोक ठोकून दिलं होतं. काही जण एका मोठ्या इमारतीत घुसले, तिचं दार त्यांना वेशीचं दार वाटलं. एका ओसाड वेशीपाशी एका बाईने काही जणांना कुऱ्हाड दिली, त्यांनी अडसर तोडला आणि थोडे निसटले. ती बाई कोण, तिने का दिली, थ्युसिडिडीस काही लिहीत नाही. मला त्या बाईचा विचार वारंवार येतो. तिचं माहेर थीब्जचं असेल का? १३ किलोमीटरवर सोयरीक होत नसेल असं शक्यच नाही.

थीब्जहून मागून कुमक निघाली होती, पण पावसाने आसोपोस भरून वाहत होती आणि ते उशिरा पोचले. आम्ही ज्याला ओढा म्हणून कळलंही नाही असा पार केला, तोच. प्लाटियाकरांनी पकडलेले १८० कैदी मारून टाकले. अथेन्सहून माणूस धावत आला की कैद्यांना काही करू नका, तोवर उशीर झालेला.

मग इ.स.पू. ४२९ मध्ये, अथेन्स आणि स्पार्टाचं मोठं युद्ध पेटलेलं असताना, थीब्जच्या बाजूने स्पार्टाचं सैन्य आलं, तेच ज्यांनी शपथ घेतली होती. त्यांचा राजा म्हणाला, गाव आमच्या ताब्यात द्या, हद्द दाखवा, झाडं मोजून द्या, जे जे मोजता येतं ते मोजून द्या, लढाई संपली की जसंच्या तसं परत करू. प्लाटियाने नाही म्हटलं. आत राहिले ४०० गावकरी, ८० अथेन्सचे आणि भाकरी करायला ११० बायका. गावाभोवती विटांची दुहेरी भिंत उभी राहिली. दुसऱ्या हिवाळ्यात, अन्न संपत आल्यावर, अर्ध्या जणांनी निसटायचं ठरवलं. शिडी किती उंच हवी ते काढायला त्यांनी शत्रूच्या भिंतीला जिथे गिलावा नव्हता तिथले विटांचे थर लांबून मोजले, पुष्कळ जणांनी मोजले, परत परत मोजले, म्हणजे एखादा चुकला तरी बहुतेकांचा आकडा बरोबर येईल. (बाबांना हे एवढं आवडलं की त्यांनी मला तिथेच परत सांगायला लावलं.) वादळी रात्र निवडली, चिखलात पाय घसरू नये म्हणून फक्त डाव्या पायात वहाण. बाहेर पडल्यावर ते आधी थीब्जच्याच रस्त्याला लागले, कारण शत्रूच्या घरच्या दिशेने पळतील असं कोणाला वाटणार. मशाली दुसऱ्या बाजूला, डोंगराकडे शोधत गेल्या. २१२ जण अथेन्सला पोचले.

मागे राहिलेल्यांनी इ.स.पू. ४२७ च्या उन्हाळ्यात भुकेपोटी दरवाजे उघडले. स्पार्टाहून ५ न्यायाधीश आले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न, या युद्धात तू स्पार्टाचं किंवा त्यांच्या दोस्तांचं काही भलं केलंस का? प्लाटियाकर म्हणाले, तुमच्या बापजाद्यांची थडगी आमच्या जमिनीत आहेत, ते इथे पर्शियाशी लढताना पडले, आम्ही दरवर्षी त्यांना वस्त्रं आणि पहिलं पीक वाहतो. मग थीब्जकर बोलायला उभे राहिले. मग परत तोच प्रश्न, आणि एकेकाला बाजूला नेऊन मारलं. २०० पेक्षा कमी नाहीत, शिवाय २५ अथेन्सचे. बायका गुलाम. पुढे घरं पाडून त्याच दगड-लाकडातून हेरा देवीच्या देवळाजवळ २०० फुटी धर्मशाळा बांधली. अथेन्सचा हात धरल्यापासूनचं ते ९३वं वर्ष होतं, आणि अथेन्स आलं नव्हतं.

त्या तटाच्या दगडावर बसून आम्ही डबा खाल्ला. बाबांनी विचारलं, "परत वसलं का गाव?" वसलं, इ.स.पू. ३८६ मध्ये. १३ वर्षांनी थीब्जने परत उठवलं. प्लाटियाच्या लोकांना माहीत होतं की थीब्जची सभा भरली की ती फार लांबते, म्हणून त्या दिवशी ते बिनधास्त शेतात जायचे. ते हेरून थीब्जकर सभेलाच हत्यारं घेऊन आले आणि आडरस्त्याने जाऊन रिकाम्या गावात घुसले. शेजाऱ्याला शेजाऱ्याची सवय माहीत असते ती अशी.

मला एवढ्यावर थीब्जला खलनायक ठरवायचं नाहीये. त्यांनी एक फार मोठी गोष्ट करून बघितली होती, संघराज्य. १९०६ मध्ये इजिप्तच्या वाळूत, ऑक्सिऱ्हिंकस नावाच्या गावच्या जुन्या उकिरड्यात एका इतिहासाची फाटकी पानं सापडली, लेखकाचं नाव माहीत नाही, आणि त्यात बिओशियाच्या संघाचा सगळा हिशोब आहे. प्रदेशाचे ११ भाग, प्रत्येक भागाचा एक सेनापती, ६० सभासद, १ हजार पायदळ, १०० घोडेस्वार, आणि त्याच प्रमाणात वर्गणी. ऑर्खोमेनोसचे २ भाग, थेस्पियाचे २, टानाग्राचा १, तीन-तीन छोट्या गावांत मिळून एकेक भाग आळीपाळीने. सभासदांना रोजचा भत्तासुद्धा. किती नीट विचार केलेली व्यवस्था आहे ही, छोट्यातल्या छोट्या गावाचीही पाळी येणार! पण थीब्जचे ४ भाग होते, आणि त्यातले २ स्वतःचे आणि २ प्लाटिया आणि आसपासच्या गावांच्या नावावर. म्हणजे गाव उठवलं आणि त्याची मतं खिशात घातली.

थेस्पियाचं तर मला सगळ्यात वाईट वाटतं. थर्मोपिलीच्या खिंडीत पर्शियाशी लढताना ३०० स्पार्टन मेले हे सगळ्या जगाला माहीत आहे, त्यांच्या बरोबर शेवटपर्यंत थांबलेले ७०० थेस्पियाचे होते, आपणहून थांबलेले, त्यांचं स्मारक तिथे व्हायला १९९७ साल उजाडलं. आणि इ.स.पू. ४२४ मध्ये अथेन्सविरुद्धच्या डेलियमच्या लढाईत थीब्जच्या रांगेत उभे राहून थेस्पियाची पोरं मेली, ऐन उमेदीतली, गावच रिकामं झालं म्हणा. पुढच्याच वर्षी थीब्जने त्यांचा तट पाडला. कारण काय, तर तुम्ही मनातून अथेन्सचे आहात. खरं कारण हेच की आता विरोध करायला माणसं उरली नव्हती.

पण थेस्पियानेही तेच केलं होतं. हेलिकॉन डोंगराच्या कुशीत आस्क्रा नावाचं खेडं, हेसिओडचं. त्याचा बाप गरिबीला कंटाळून समुद्रापलीकडून इथे आला, आणि हेसिओड आपल्या गावाबद्दल लिहितो की हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात त्रासाचं, कधीच चांगलं नाही. तो कष्टाच्या दिवसांचं काव्य सांगतो ते भावाला, पेर्सेसला, ज्याच्याशी वडिलांच्या इस्टेटीवरून तंटा झालाय आणि निवाडा करणारे लाच खाऊन बसलेत. युरोपातल्या सगळ्यात जुन्या कवितांपैकी एक, आणि तिच्या मुळाशी वाटणीचा वाद. ते आस्क्रा पुढे थेस्पियाने उद्ध्वस्त केलं, उरलेली माणसं ऑर्खोमेनोसच्या आसऱ्याला गेली आणि हेसिओडच्या अस्थीही तिकडेच नेल्या. आणि ऑर्खोमेनोस ते थीब्जने उठवलं, इ.स.पू. ३६४ मध्ये, पुरुष मारले, बायका-मुलं विकली.

त्या वेळी एपामिनोंडास आरमार घेऊन समुद्रावर होता. परत आल्यावर तो म्हणाला की मी असतो तर हे होऊ दिलं नसतं. या माणसावर माझा फार जीव आहे, म्हणून हे वाक्य मला धड सोडवतही नाही आणि पुरतही नाही. इ.स.पू. ३७१ मध्ये तहाच्या बैठकीत स्पार्टाच्या राजाने त्याला विचारलं होतं, बिओशियाच्या गावांना स्वतंत्र सोडणार का? त्याने उलट विचारलं, तुम्ही तुमच्या लाकोनियाच्या गावांना सोडणार का? राजाने चिडून तहातून थीब्जचं नाव खोडलं आणि काही आठवड्यांत ल्युक्ट्राच्या मैदानात एपामिनोंडासने डावी फळी ५० माणसं खोल लावून स्पार्टाचा दुसरा राजा (तिथे एका वेळी दोन राजे असत) आणि ७०० पैकी ४०० खरे स्पार्टन नागरिक आडवे केले. मग पार स्पार्टाच्या अंगणात जाऊन पिढ्यान्‌पिढ्या गुलाम असलेल्या मेसेनियाच्या लोकांना मोकळं केलं, त्यांचं शहर वसवून दिलं. एवढं सगळं केलं. पण त्या बैठकीतल्या पहिल्या प्रश्नाला उत्तर त्यानेही दिलं नव्हतं. आणि ल्युक्ट्रा ज्या जमिनीवर आहे ती थेस्पियाची. लढाईआधी त्याने सांगितलं की ज्याला जायचंय त्याने जावं, तर थेस्पियाचे लोक आपल्याच शिवारातून उठून निघून गेले.

शेवट सगळ्यांना माहीत असतो तो अलेक्झांडरचा. इ.स.पू. ३३५ मध्ये त्याने थीब्ज जमीनदोस्त केलं, ६ हजार मेले, ३० हजार विकले गेले, पिंडारचं घर तेवढं ठेवलं. पण शिक्षा काय द्यायची ते त्याने बरोबरच्या ग्रीकांवर सोपवलं होतं, आणि ते कोण तर शेजारच्या फोकिसचे, प्लाटियाचे, ऑर्खोमेनोसचे, थेस्पियाचे. कत्तलीतही तेच पुढे होते. इतिहासकार डायोडोरस लिहितो की नातलगांनी नातलगांना मारलं आणि बोली एकच असूनही कोणाला दया आली नाही. कोणीतरी मरताना आपल्याच बोलीत गयावया करतोय आणि समोरच्याला त्यातला शब्द न्‌ शब्द कळतोय. हे वाचल्यावर मी त्या रात्री झोपू शकले नव्हते.

लेबाडियाला, म्हणजे आताच्या लिवाडियाला मुक्काम होता, गावातून नदी खळाळत जाते, जुन्या गिरण्या आहेत, तिथून खैरोनिया जवळच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो. रस्त्याच्या कडेला सुरूच्या झाडांत दगडी सिंह बसलाय. इ.स.पू. ३३८ मध्ये अलेक्झांडरचा बाप फिलिप याने इथे ग्रीकांना हरवलं, त्यात थीब्जची ३०० जणांची पवित्र तुकडी हटली नाही. १८७९-८० मध्ये सिंहाखाली खोदलं तर ७ रांगांत २५४ सांगाडे निघाले. सिंह भंगून पडलेला होता, १९०२ मध्ये परत उभा केला. बाबा चौथऱ्याभोवती पावलं मोजत फिरले.

मला मात्र इथे यायचं होतं ते प्लुटार्कसाठी. खैरोनिया म्हणजे त्या ११ भागांतल्या एका भागाचा तिसरा हिस्सा, त्याआधी तर ऑर्खोमेनोसचं आश्रित. इ.स. ४५च्या आसपास तो इथे जन्मला, अथेन्समध्ये शिकला, रोमला जाऊन आला, मोठमोठ्या लोकांशी ओळखी, हवं तिथे राहू शकला असता. पण तो लिहितो की मी लहान गावात राहतो, आणि ते आणखी लहान होऊ नये म्हणून तिथेच राहतो. इतिहासकार हिरोडोटसने बिओशियाच्या लोकांची बदनामी केली म्हणून पाचशे वर्षांनी त्याच्यावर अख्खा निबंध लिहिणारा हाच. आणि गावाचं काम म्हणून तो उन्हात उभा राहून कौलं मोजून घ्यायचा, चुना आणि दगड उतरवून घ्यायचा. परगावचे लोक बघून जायचे की एवढा मोठा माणूस हे काय करतोय, तर तो म्हणायचा, स्वतःसाठी केलं असतं तर कमीपणा होता, गावासाठी करतोय तर अभिमान आहे. तिथेच तो एपामिनोंडासची आठवण सांगतो, थीब्जच्या लोकांनी जळफळाटाने त्याला गल्ल्यांतलं शेण उचलणं आणि रस्त्यावरचं पाणी वळवणं बघायचं पद दिलं होतं, तर त्याने ते मनापासून केलं, म्हणाला, पद माणसाची ओळख करून देतं तसं माणूसही पदाची करून देतो.

हे मी बाबांना सिंहासमोरच्या कठड्यावर बसून सांगितलं. अंधार पडायला लागला होता, मागच्या हायवेवरून कापसाची ट्रॉली गेली.

"त्याने खरंच कौलं मोजली?"

"स्वतःच लिहिलंय त्याने, बाबा."

ते काही बोलले नाहीत. इथे एक सांगायला हवं, गावाकडे आमच्या चारीवर पाणी वापर संस्था आहे आणि दोन वर्षांपासून ती बंद पडल्यासारखीच आहे, एकाच आडनावाच्या दोन घरांत अध्यक्षपदावरून बोलणं नाही, हेडवाले, म्हणजे चारीच्या तोंडाशी असलेले, पाणी सोडत नाहीत, शेवटच्या टोकाच्या टेलवाल्यांची पिकं जळतात. बाबा दोन्हीकडचे नाहीत आणि नियम त्यांना तोंडपाठ आहेत, म्हणून लोक दोनदा घरी येऊन गेले होते. त्यांनी दोनदा नाही म्हटलं होतं, आणि मीच म्हटलं होतं की बरं केलंत, कशाला त्या भानगडीत पडताय.

लिवाडियाला परत येताना ते बराच वेळ गप्प होते. नदीकाठी प्लेनच्या झाडांखाली जेवायला बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, "माझं तिकीट किती तारखेचं आहे गं?"

"२८ डिसेंबर."

"अलीकडचं मिळेल का बघ. रब्बीची पहिली पाळी नोव्हेंबरच्या मध्यावर सुटते. त्याच्या आत चाऱ्या साफ करून घ्यायला लागतात, नाहीतर टेलला थेंब पोचत नाही."

मी मोबाईल काढला आणि तारखा बघायला लागले. ते कागदी टेबलक्लॉथवर पेनाने चारीची रेघ ओढून कुठे कुठे गाळ साचत असेल त्या खुणा करत होते.